खुंटा ठोकून

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. मी खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

परवाचा सामना आम्ही वाचवला. सव्वादोन तास मी खुंटा ठोकून उभी होते आणि धावा किती, तर अकरा! समोरच्या मुली चिडवत होत्या, "ए टुकटुक, झोपलीस का?" आमच्या प्रशिक्षक बाईंनी मात्र पाठ थोपटली. आता सगळ्या मला 'खुंटा'च म्हणतात. आईला एवढंच वाचून दाखव.

पुढचं मनात वाच. मागच्या आठवड्यात सरावात चेंडू हेल्मेटच्या जाळीवर आदळला. तेव्हापासून डाव्या डोळ्यापुढे धूर आल्यासारखं दिसतं. दादा, मी मुद्दाम टुकटुक करत नव्हते रे. चेंडू अगदी जवळ आल्यावरच दिसायचा, म्हणून बॅट नुसती पुढे धरत होते.

रविवारी निवडीचा सामना आहे. सांगावं तर जागा जाईल, न सांगावं तर डोळा. काल बाईंच्या दारापर्यंत तीनदा जाऊन परत फिरले. चौथ्यांदा त्यांनीच दार उघडलं. "काय गं खुंट्या, काय झालं?" मला रडूच फुटलं आणि मी डोळ्याचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं. आज दुपारी त्या मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. फोन करत नाही, आई आवाजावरून ओळखेल.

फार भीती वाटते रे. जमलं तर ये.

तुझीच,
धाकटी