उरलेले स्ट्रेचर

२० नोव्हेंबर, गुरुवार

"ताई, मागवलेले स्ट्रेचर उरले, इतकं कमी नुकसान झालं." श्रीलंकेच्या यादवी युद्धात भारतीय शांतिसेनेतले बाबा गेले, तेव्हा त्यांच्या साहेबांनी आईला दिलेला हा दिलासा. मी आठ वर्षांची होते.

साहेब आता निवृत्त जनरल. त्यांच्या आठवणींचं हस्तलिखित मी तपासतेय. आज तेच वाक्य समोर आलं, तेही अभिमानाने लिहिलेलं. हल्ल्याआधी किती माणसं पडतील याचा अंदाज बांधायचा, तेवढे स्ट्रेचर मागवायचे. काही उरले की विजय स्वस्तात पडला. म्हणजे बाबा त्या अंदाजात आधीच धरलेले होते?

फोन केला. म्हणाले, "बेटा, अंदाज न करता गेलो असतो तर जास्त मेले असते." खरंही असेल. म्हणून तर अजून चीड येते.

आई भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत होती. "काहून भांडून राहिली वं त्याईच्याशी? म्हातारा माणूस हाये." मी तिच्यावरच ओरडले. तिच्यावर!

उद्या साहेबांना लिहीन. नकारच येईल, माणसांची नावं त्यांना आठवत नसतील आणि तसं ते कबूल करणार नाहीत. तरी लिहीन: साहेब, उरलेल्या स्ट्रेचरचं वाक्य राहू द्या. फक्त त्याखाली, जे स्ट्रेचर उरले नाहीत त्यांच्यावरून कोण कोण आलं, ती नावं लिहाल?