हिरव्या भुशाची बाग

दि. ९ फेब्रुवारी. या वहीत चौदा महिने काही लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमस्व. आजचंही रोजचं टिपण नव्हे, माझं मृत्युपत्र आहे. साधा कागद चालतो असं वकील म्हणाले.

मी, वय सेहेचाळीस, अविवाहित, धंदा इमारतींची मॉडेल्स बनवणे, हे कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलं आहे ते फुप्फुस. ऑपरेशन सोमवारी.

एक. राहतं घर थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. अट एकच: पुढच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडावी. मी मोजलं आहे, मग तीस फुटी पडदा जमिनीवर सपाट पसरतो. दादा नाटकांचे पडदे रंगवायचा: राजवाडे, अरण्यं, चांदण्या. वहिनी म्हणेल, "हॉलमध्ये अरण्य नको बाई." तिची समजूत त्याने घालावी.

दोन. कटर, चिमटे, भिंग आणि बँकेतली शिल्लक पुतणीला. पातं बोथट झालं की लगेच बदलावं. बोट कापतं ते बोथट पात्यानेच.

तीन. हे कलम मी चार वेळा खोडलं. बंद गिरणीचं कला आणि नवनिर्मिती केंद्र करायचं ठरलं, तेव्हा पालिकेसाठी मॉडेल मी बनवलं. गिरणीच्या मागे दादाची पडदे रंगवायची पत्र्याची शेड होती. नकाशात ती होती, आणि ठेवायचंही ठरलं होतं. मॉडेलमध्ये जेमतेम दोन बोटांची. मी ती लावली नाही. त्या जागी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पसरला. वेळ नव्हता, असं स्वतःला सांगत आले. वेळ होता. पत्रा कुरूप दिसत होता.

आयुक्त मॉडेलवर वाकले. "ही बाग झकास आहे. हिला धक्का लावायचा नाही." मी शेजारीच उभी होते. शेडचं सांगायचं सोडून कडेला सांडलेला भुसा बोटाने आत सारला. पुढे नकाशाच मॉडेलप्रमाणे दुरुस्त झाला आणि शेड पाडली.

दादा आता रस्त्याकडेचे दगड काळेपिवळे रंगवतो आणि गेली सहा वर्षं केंद्राच्या आर्किटेक्टला शिव्या घालतो आहे. गेल्या रविवारी फळं घेऊन आला होता. "तो लेकाचा कागदावरून माणसं पुसतो," म्हणाला. "तू तरी एकटी काय करणार होतीस?" मी सफरचंद खात राहिले.

सबब, आर्किटेक्टवरचा राग दादाने काढून घ्यावा व माझ्या नावे करावा. घर ही त्याची भरपाई नाही. की तशीच आहे? हे माझ्या मागे वाचलं जावं असं मला का वाटतं, तेही मला ठाऊक आहे.

ठिकाण: कामाची खोली. सही: केली.

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि पेनाला टोपण घातलं.

"सही करायला माझं काय जातं? पण पोरी, तू गेल्यावर त्याने भांडायचं कुणाशी? फोटोशी?"

"ऑपरेशन झाल्यावर सांगते ना, काका."

"म्हणजे बेशुद्धीतून उठलीस तर! छान. आधी सांग, मग सही."

साक्षीदार दुसऱ्या: काकू. यांच्याआधी आपण करणार नाही म्हणाल्या.

दोन्ही जागा कोऱ्या.

उद्या: दादाला कलम तीन तोंडी सांगणे.