फुकटची पिवळी गाडी

३ ऑगस्ट, रविवार

आमचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम अपडेट झाला. दुपारी चारला उघडला तर अक्षा आधीच नव्या ट्रॅकवर जाऊन बसलेला. समुद्रकाठचा रस्ता, नारळाची झाडं, सगळं चकाचक. आम्ही तिघं, पप्या, संत्या आणि मी, बाहेर. कुलपाचं चित्र, खाली किंमत.

गेम घेताना पूर्ण पैसे भरले होते. गेल्या हिवाळ्यात एक पॅकही घेतला. त्यातली लाल गाडी दोन महिने पळाली, मग पुढच्या अपडेटला त्यांनीच तिचा वेग काढून घेतला. विकून झाल्यावर! आता नुसती उभी आहे गॅरेजात. तेव्हाच ठरवलं, परत नाही.

हेडफोनवर बोललो पण. "म्हशीचं पैसं दिलं, आता शिंगांचं येगळं मागत्यात व्हय?"

संत्या खो खो हसला. अक्षा म्हणाला, "बिरूशेठ, म्हसच म्हातारी झाली तुमची."

अक्षा पप्याचा मेव्हणा, वडगाव निंबाळकरचा. पाहुणा म्हणून त्याला कुणी शिवी देत नाही, आणि ते त्याला माहीत आहे.

पप्यानं डोकं चालवलं. गावात, अंथुर्ण्यात, मोबाईलचं दुकान टाकल्यापासून त्याला वाटतं आपल्याला सगळं कळतं. "वर्गणी काढू. एकच आयडी, एकच पॅक. आमची इहीर न्हाय का चार भावांत? तशी पाळी लावायची."

मी नाही म्हणालो. एक रुपया नाही.

"मग बस भाईर."

बसतो.

४ ऑगस्ट

काल "बसतो" तोंडातून निघून गेलं. आज दिवसभर फोर्कलिफ्टवर तेच डोक्यात. इथं तमिळनाडूत, होसूरला, आठवडाभर कुणी माझ्याशी मराठीत बोलत नाही. गेटवर मी नंबर. गोडाऊनात मी "भैया". रविवारी चार ते साडेपाच, संत्या दुधाचा टेम्पो काढेपर्यंत, कानात अंथुर्णं असतं. तेवढाच दीड तास. त्याला आता कुलूप.

आणि आमचा ट्रॅक काय वाईट आहे? गेमबरोबर फुकट आलेला, नदीकाठचा. आम्ही त्याला कालवा म्हणतो. पहिला कोपरा डेअरीचा, मग पूल, पुलापुढं चारीचं, म्हणजे कालव्याच्या फाट्याचं, वळण. हुबेहूब गावासारखं काही नाही. नावं आमची, एवढंच. पण आठवीतनं शाळा सोडलेल्या माणसाला सगळ्या जगात एक नकाशा तोंडपाठ आहे तर तो हा.

१० ऑगस्ट, रविवार

चार वाजले. कुणी आलं नाही. वर्गणी काढून सगळे समुद्रावर.

एकटाच कालव्यावर फिरलो. चारीच्या वळणावर गाडी उभी केली. हेडफोनात नुसतं पाणी वाहत होतं. गेममध्ये पाण्याचा आवाज आहे हे दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं. एरवी यांच्या बडबडीत कुठलं ऐकू येतंय.

पैसे भरावेत का म्हणून एकदा किमतीवर बोट गेलं होतं. काढलं.

१२ ऑगस्ट

जेवणाच्या सुट्टीत संत्याचा फोन. हसून हसून त्याला बोलता येईना.

"अरं, एक आयडी म्हंजी एकच माणूस! मी आत गेलो की पप्या भाईर फेकला जातोय, पप्या आत आला की मी. पावनं आत हुबं, म्हणत्यात या की या की."

"मग शर्यत?"

"कसली शर्यत! पाळीनं एकेकजण पावन्यासंगं पळाला आन् हरून आला. ज्याची पाळी न्हाय त्यो दुकानाच्या पायरीवर. पप्या म्हणतोय इहिरीवर तर असं व्हत न्हाय."

विहिरीत पाणी थांबतं, पाळी येईपर्यंत. शर्यतीला सगळे एकदमच लागतात. एवढं त्या मोबाईलवाल्याला कळू नये! इतका हसलो की सुपरवायझर वळून बघायला लागला.

"मी सांगितलं म्हणून पप्याला सांगू नगंस."

बरं, म्हणालो.

१३ ऑगस्ट

पप्याचा मेसेज. "रवि. ४. कालवा." पुढं मागं काही नाही. माफी बिफी नाही.

मी अंगठा पाठवला. जिंकलो. पहिली फेरी तरी.

१७ ऑगस्ट, रविवार

सगळे परत आले. कान भरून गेला.

पण अक्षा पॅकमधली निळी गाडी घेऊन आला. मागं ट्रॉलीला लावावी तशी रुंद फळी. ट्रॅक फुकटचा असला तरी गाडी कुठलीही चालते. पहिल्या सरळ रस्त्यालाच तो दिसेनासा झाला. तीन शर्यती, तिन्ही त्याच्या. माझी पिवळी, गेमबरोबर मिळालेली, टपावर गेरूचा ठिपका काढलेली. वडिलांच्या, आबांच्या, मेंढरांच्या पाठीवर असायचा तसाच.

अक्षा: "फुकटच्या गाडीला फुकटची धूळ."

पप्यानं हसण्यावारी नेलं. मेव्हणा ना.

माझं तोंड सुटलं. म्हणालो, पुढच्या रविवारी पाच फेऱ्या, तुझी निळी आणि माझी पिवळी. मी हरलो तर आम्ही तिघं स्वतंत्र पॅक घेऊ आणि तुझ्या समुद्रावर येऊ. तू हरलास तर रविवार कालव्याचा, आणि तू पण फुकटच्या गाडीत बसायचं.

"ठरलं का बिरूशेठ?"

"ठरलं."

संत्या: "लेका, आमाला इचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

२० ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस सराव. सरळ रस्त्यावर निळीला गाठता येत नाही. गणित नाही लागत मला, पण डोळ्याला दिसतं. मागं लागलो की तो आणखी पळतो.

आबांचा फोन आला. चार शेळ्या, गुडघा, उसाला खत, सगळं बोलून झालं. मी म्हणालो, आबा, एकजण माझ्यापुढं आहे, त्याची गाडी भारी, मागं लागून उपयोग होत नाही.

"कुणाच्या गाडीमागं लागलाईस? कंपनीची गाडी हाय न्हवं? हळू चालीव."

गेम आहे म्हणालो. त्यांना ते पटलं का माहीत नाही. थोडं थांबून म्हणाले, "मेंढरं पुलावर आली की मागनं हाकायची न्हाईत. मागनं हाकलं की पुढचं उधळतंय. कडंला हुबं ऱ्हायचं. काय करायचं न्हाय, नुस्तं दिसायचं. ते आपसूक तिकडं बघत ऱ्हातंय आन् त्याचं पाऊल चुकतंय."

बावीस वर्षं कोकणात मेंढरं घेऊन गेलेला माणूस. मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

चारीचं वळण डावीकडं आहे. पुलावर डावीकडं दिसायचं. नुसतं.

२४ ऑगस्ट, रविवार

जिंकलो!!

आधी लिहितो, नाहीतर विसरेन.

पहिल्या दोन फेऱ्या निळी पुढं. "बिरूशेठ, जेवून येऊ का?" असं विचारत अक्षा मुद्दाम रेंगाळत होता. तिसऱ्या फेरीला पुलावर डाव्या कडेला दिसलो. त्याला वाटलं मी आतनं घुसतोय. तो डावीकडं सरला, वाट अडवली. पण डावीकडनं डाव्या वळणाला शिरलं की जागा पुरत नाही. गाडी बाहेर घसरली. थोडीशीच. सावरला, पण मी त्याला चिकटलो.

चौथ्या फेरीला परत दिसलो. परत सरला. या वेळी ब्रेक आधीच दाबला. बडबड बंद झाली.

पाचवी. पूल. दिसलो. तो सरला. मी गपकन उजवीकडं, लांबून वळण घेतलं. तो घसरत बाहेर गेला आणि आतली सगळी जागा माझी. वळणापासून शेवटची रेघ जवळ आहे. एवढ्याशा रस्त्यात त्याच्या वेगाचा काय उपयोग! एका नाकानं. पिवळीच्या नाकानं.

पप्या ओरडला, "हाण बिरू!" मग भानावर आला, "पावनं, माफ करा हं."

संत्या नुसताच बोंबलत होता, मागं कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं.

अक्षा: "परत लावा."

संत्या: "दुधाची वेळ झाली, पावनं. दूध थांबत न्हाय."

मी खोलीत उठून उभा राहिलो होतो. शेजारच्या पलंगावरचा तमिळ गडी काहीतरी म्हणाला, मी व्हय म्हणालो, त्यानं हात मिळवला.

आबांना फोन केला. जिंकलो म्हणालो. "कुणाला धडक बिडक न्हाय ना दिली?" नाही म्हणालो. "मग झालं."

३१ ऑगस्ट, रविवार

अक्षा शब्दाला जागला. फुकटच्या हिरव्या गाडीत आला. डेअरीच्या कोपऱ्यावर संत्यानं त्याला गाठलं, तर म्हणतो, "ह्या गाडीला ब्रेक हाय का दुधाचं झाकण?" आज शिवी पण खाल्ली, पप्याची. पाहुणेपणा संपला. मला म्हणाला, ते पुलावरचं शिकव की. म्हणालो, आधी कोकणात जाऊन ये.

चौथी शर्यत सुरू होणार तेवढ्यात पडद्यावर पाटी आली. ऑक्टोबरपासून जुने ट्रॅक बंद. ज्यांना हवेत त्यांच्यासाठी 'आठवणी पॅक'. कालव्याचा छोटा फोटो, त्यावर कुलूप.

हेडफोनात पाण्याचा आवाज ऐकू आला.

अक्षा म्हणाला, "बिरूशेठ, आता?" समुद्रावर चला म्हणाला नाही. मला विचारलं.

पप्या: "ह्याला पाळी न्हाय चालायची. आधीच सांगतो."

संत्या: "सप्टेंबरात चार रविवार हायत अजून."

परत पैसे देणार नाही म्हणून लिहून ठेवलंय वर, माझ्याच अक्षरात. पण चारीचं वळण कुणा दुसऱ्याच्या कुलपात...

म्हणालो, गाड्या पुलावर लावा. चौघांनी एका ओळीत लावल्या, पिवळी मधे. पाच शर्यती ठरल्या होत्या, आठ झाल्या. आठवी पण मीच जिंकलो. साडेपाच वाजून गेले तरी संत्या उठला नाही.

"दूध?" मी विचारलं.

"थांबंल आज," म्हणाला. "लाव परत."