‘टाकी’तला ट्रम्पेट

२१ एप्रिल, सोमवार
‘बंद फाटक’ बँड अकोल्याला येणार! त्यांच्याच पानावर वाचलं, तीनदा वाचलं. १० मे, शनिवार, संध्याकाळी सहा, कॉलेजचं मैदान, उघड्यावर. मे महिन्यात उघड्यावर! पुण्याच्या पोरांना अकोल्याचं ऊन कोणी सांगितलेलं दिसत नाही.

चार वर्षं यांची गाणी कानात घेऊन फिरतोय. मेडशीत यांचं नाव माहीत असलेला दुसरा माणूस नाही. अब्बांना एकदा त्यांचं ‘टाकी’ हे गाणं ऐकवलं होतं. म्हणाले, “गळ्यात हाडूक अटकल्यावानी कायले वरडते हे पोरगी?” मधला ट्रम्पेट आला तेव्हा मात्र कान टवकारले. नंतर नुसतं, “वाजवनारा शिकेल हाय.”

दारामागचं कॅलेंडर पाहिलं. १० मे ला अब्बांचा लाल गोल. जऊळक्याचं लग्न. बाजा वाजवायची सुपारी घेतलेली.

२२ एप्रिल
झोप नाही, भूक नाही. दुकानात ढोलाच्या दोऱ्या ताणायला बसलो, अर्ध्यात सोडून उठलो. सुभाष (साईड ड्रम, आणि माझा एकमेव दोस्त) म्हणे, “काहून बे, मुंग्या चावून राह्यल्या का?”
हो.

२४ एप्रिल, गुरुवार
करू नये ते केलं. दुकानाचं शटर ओढून ‘टाकी’तला ट्रम्पेटचा तुकडा फोनवर रेकॉर्ड केला आणि ब.फा.ला पाठवला. चार ओळींचा तुकडा आहे, एवढासा. पण शेवटच्या ओळीत सूर असा वर चढतो की माणूस खरंच पाण्याच्या टाकीवर चढून गाव बघतोय असं वाटतं. पाठवला आणि लाजेनं फोन उशीखाली कोंबला.

२६ एप्रिल, शनि.
उत्तर आलं!! गाणारी मुलगी, ऋता, तिनं स्वतः लिहिलंय. जसंच्या तसं उतरवतो: “हे तू वाजवलंयस? रेकॉर्डिंगला वाजवणारे काका आता आमच्यासोबत नसतात. लाइव्हला ती जागा आम्ही रिकामीच सोडतो, नुसते ड्रम. दहा तारखेला पाच वाजता साउंड चेक आहे. ट्रम्पेट घेऊन ये. जमलं तर वाजवू.”

जमलं तर वाजवू.
लगेच ‘येतो’ कळवलं आणि अम्मीला मिठी मारली. तिला वाटलं, कुठं नोकरी लागली.

२७ एप्रिल
अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणजे आमच्या बँड पार्टीचे मालक. पूर्वी जिल्ह्यात त्यांच्यासारखा ट्रम्पेट नव्हता म्हणतात. तीन वर्षांपूर्वी पुढचे चार दात गेले आणि दात गेले की ट्रम्पेटवाला संपतो, फुंकेला टेकू राहत नाही. कवळी करून आणली ती डबीत पडून आहे. आता टोपी घालून, तोंडात शिट्टी धरून पार्टीच्या पुढं चालतात. तेव्हापासून ट्रम्पेट माझ्याकडे.

ऐकून घेतलं. मग, “लगन सोडून नाई.”
“सोडून नाही अब्बा. ११.३५ चा मुहूर्त आहे. जऊळक्याहून अडीचची गाडी.”
“लगन लागलं का जाय. मंग कुठी बी बोंबल.”
ही त्यांची परवानगी.

४ मे, रवि.
रोज पहाटे शेताकडं जाऊन तोच तुकडा. ट्रम्पेट चिंचेनं घासून लख्ख केलाय. शेवटचा सूर दहातून सात वेळा लागतो. तीन वेळा नाही. ते तीन मला खाऊन टाकतायत.

९ मे, शुक्र.
४४ अंश. उद्या. पिशवी भरली: ट्रम्पेटचं तेल, फडकं, निळा शर्ट. अम्मीनं पराठे बांधून देते म्हटलं. अजून रात्र जायची आहे, कशी जाणार कोण जाणे.

११ मे, रविवार
काल काही लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो, म्हणजे माझा मला गाढवपणा दिसेल.

वऱ्हाड शिरपूरहून यायचं होतं. आलं साडेबाराला. मुहूर्त गेला तो गेलाच, त्याचं कोणाला काही नाही. नवरदेव मारुतीच्या पाया पडून एक वाजता घोड्यावर बसला. मारुतीपासून मांडव दहा मिनिटांच्या वाटेवर. म्हटलं, दोनला पोचतो, गाडी मिळते.

आणि मग ते केलं. ओठ तापलेले राहावेत म्हणून, सरावाला म्हणून, ‘टाकी’ वाजवलं. वरातीत! एकदाच वाजवणार होतो. पण सुभाष कसला ऐकतो, त्यानं खाली ड्रमचा ठेका टाकला, ढोलवाल्यानं उचलला, आणि ते उदास गाणं बघता बघता नाचायचं झालं. शिरपूरची पोरं आधी थबकली, मग पिसाटली. “अबे हे काय हाय! पुन्ना! पुन्ना वाजव!” बायका नाचल्या. नवरदेवाचा मामा घोड्यासमोर रस्त्यात आडवा होऊन नाचला. एकानं टँकरचा पाइप लावून रस्त्यावर पाणी सोडलं, मग कशाला हलतात.

आमच्या पार्टीचा दादांच्या, म्हणजे अब्बांच्या वडलांच्या, वेळेपासूनचा नेम आहे. नवरदेव घोड्यावर असेपर्यंत बाजा बंद पडू द्यायचा नाही. अपशकुन. आणि पोरं घोडा पुढं जाऊ देईनात. मी दुसरं गाणं काढलं की ओरडा. अब्बांकडं पाहिलं. त्यांनी शिट्टी फुंकली, हातानं ‘चालू दे’ केलं. ते काय करणार, तेही बांधलेले.

अकरा वेळा वाजवलं. अकरा! आठव्या वेळी गाडीचा भोंगा ऐकू आला. मी वाजवत होतो.

नवरदेव उतरून लग्न लागलं तेव्हा साडेतीन वाजले होते. खालचा ओठ फुटलेला, रक्त. सुभाषनं मोटरसायकलवर मेडशीपर्यंत आणून सोडलं. पहिल्या गाडीत दारापर्यंत माणसं, लग्नसराई, चढताच आलं नाही. दुसरी सव्वापाचला. निळा शर्ट बसमध्येच चढवला. पँट तीच राहिली, वर्दीची, सोनेरी पट्टीची.

सात वाजता मैदानावर. त्यांना पाहिलं. चार वर्षं फोनएवढी दिसलेली माणसं, अख्खी. ऋता माझ्या समजापेक्षा बुटकी आहे आणि अनवाणी गाते. गिटारवाला घामानं निथळत होता, दर गाण्यानंतर डोक्यावर बाटली ओतायचा. आवाज छातीत शिरतो, फोनमध्ये तो कधीच येत नाही. लू चालली होती, धूळ उडत होती, आणि दोन-तीन हजार पोरं-पोरी उभी. काही वेळ मी सगळं विसरलो होतो, खोटं कशाला सांगू. इतका खूश कधी झालो नव्हतो.

‘टाकी’ शेवटी घेतलं. मधली जागा आली. गिटार थांबली, ड्रम राहिले. ऋता माइकवर म्हणाली, “इथं आज एक जण वाजवणार होता. मेडशीचा. आला नाही.”
लोकांनी ‘अरेरे’ केलं, काही हसले.

मी बांबूच्या कठड्याला होतो. स्टेज शंभर पावलांवर. ट्रम्पेट पिशवीत, चेनवर हात. नुसता हात वर केला असता. ‘मी आहे’ म्हणून ओरडलो असतो तर चार पोरांनी उचलून नेलं असतं. ओठाला जीभ लावली, सुजून भजं झालेला. शेवटचा सूर लागणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. आणि पँट. त्या सोनेरी पट्टीची लाज वाटली. खरं कारण तेच. ओठ नंतर.

ड्रम वाजत राहिले, मग ती पुन्हा गायला लागली. जागा निघून गेली.

११ मे, दुपार
वरचं लिहून उठलो तर अब्बा चहा घेऊन बाजेवर. इतका वेळ वाट पाहत असावेत.
“वाजवलं?”
“हाव.”
एवढंच म्हणालो. कसं तोंडातून निघालं, माहीत नाही.
“मानसं किती व्हते?”
“दोन-तीन हजार.”
“नाचले?”
“नाही. उभे होते. ऐकत होते.”
अब्बांनी कप खाली ठेवला. “उभ्यानं आयकलं?” मग, “चाळीस साल वाजवलं, रिजू, मी. उभ्यानं कोनी नाई आयकलं.”
तिथंच जीभ का झडली नाही माझी.

१३ मे, मंगळ.
फाट्यावरच्या चहावाल्यानं चहा पाजला. “तुया बाप सांगून राह्यला, अकोल्यात लय गाजवलं म्हने.” सुभाषनं माझ्याकडं पाहिलं. त्याला ठाऊक आहे, फाट्यावर येतानाच सगळं सांगितलं होतं. चहा फुंकत बसला. शहाणा आहे.

१६ मे, शुक्र.
शिरपुरात लग्न. जऊळक्याच्या वरातीतलीच काही पोरं. “ते टाकीवालं लावा!” अब्बांनी शिट्टी फुंकून पार्टी थांबवली (नवरदेव अजून खालीच होता) आणि मोठ्यानं सांगितलं, “हे गानं माया पोरानं अकोल्यात स्टेजवर वाजवेल हाय!”
टाळ्या. मी वाजवलं. शेवटचा सूर फाटला. पोरांना काय कळतंय, नाचली. अब्बांना कळलं.

१९ मे, सोम.
ऋताचा निरोप: “काय झालं? आलाच नाहीस. २५ ला नागपूर, उघड्यावरच. या वेळी येशील का? नक्की सांग, मग ती जागा तुझ्यासाठी धरते.”
२५ ला लाल गोल. मालेगावचं लग्न.
उत्तर दिलं नाही. दिवसभर घर ते दुकान, दुकान ते घर. अम्मी म्हणे, चपला झिजतील.

२१ मे
अब्बांना सांगतो असं ठरवून तीनदा गेलो. तीनदा दोऱ्यांचं, वर्दीच्या बटणांचं काहीतरी बोलून परत. नागपूरबद्दलही नाही सांगितलं. सुभाष म्हणे, “सांगून टाक बे. मारतीन तं मारतीन.” मारतील याची भीती नाहीये. मारणार नाहीत याची आहे.

२३ मे, शुक्रवार
सकाळी दुकानातून आवाज आला. ट्रम्पेट. कोणीतरी नवशिका फुंकतोय असं वाटलं. सा लागायचा, पुढचा घसरायचा.

आत अब्बा. कवळीची डबी उघडी, कवळी तोंडात. गाल लाल, डोळ्यांत पाणी.
“सुभाष बोलला मले, नागपूरचं,” म्हणाले. कवळीमुळे शब्द जड येत होते.
मी घाईनं विचारलं, “अजून काय बोलला?”
“काय बोलन? पंचविसाले मालेगावले मी वाजवतो. तू जाय. एक डाव त्यायच्यात उभा राह्यला, आता मांगं येऊ नोको.”

मी उभाच.
“पोट्टे ते टाकीचं मांगतीन,” म्हणाले. “बैस. शिकव मले.”

माझ्यासमोर मांडी घालून बसले. दहा वर्षांचा असताना मी त्यांच्यासमोर बसायचो तसे.

“अब्बा, अकोल्यात...”
“पह्यले सूर दे. बोलनं मंग.”

त्यांच्या हातातून ट्रम्पेट घेतला, पहिली ओळ वाजवली, परत दिला. त्यांनी कवळी अंगठ्यानं दाबून बसवली, फुंकलं. चुकलं. पुन्हा. दुपारपर्यंत तीन ओळी झाल्या. चौथी नाही. उद्या घेऊ म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले.

ऋताला ‘येतो’ असं लिहून ठेवलंय. पाठवलेलं नाही. आधी अब्बांना सांगायचं, मग पाठवायचं. उद्या सकाळी, चौथ्या ओळीच्या आधी.