समेआधीचा दोरा

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा मशीनचं पायडल मारू देतो का, की अजून रुसलेलाच आहे, ते आधी कळव. मी ठीक आहे. झोप तेवढी येत नाही.

पहिल्यांदा एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या संगीतवर्गाच्या सरांना सम म्हणजे काय तेच ठाऊक नाही. हे खोटं आहे, आणि लिहिल्या दिवसापासून मला टोचतंय. सरांना समेची व्याख्या तोंडपाठ आहे, तीही तीन ग्रंथांतली. फक्त सम समोरून आली तर ते तिला ओळखत नाहीत, एवढंच.

भिंतीवर तक्ते आहेत: नाद, श्रुती, स्वर, लय, ताल. प्रत्येकाखाली व्याख्या, तिच्याखाली उपप्रकार, आणि सगळ्यात खाली सरांची सही (जणू नाद त्यांनीच मंजूर केला). नादाचे गुण किती, असं विचारलं की त्यांची मोठी मुलं "तीन!" असं ओरडतात, आणि त्या ओरडण्यात तिन्हींपैकी एकही नसतो. पेटी कपाटात कुलपात असते, कारण व्याख्या पक्की झाल्याशिवाय स्वराला हात लावायचा नाही. एक मुलगी चार वर्षं 'स्वर' शिकतेय, अजून 'सा'पर्यंत पोचलेली नाही. पालक मात्र माना डोलावतात, केवढं सखोल म्हणून! मला तीन महिन्यांच्या बोलीवर बारा लहान मुलं आणि मोडक्या खुर्च्यांची खोली मिळाली. मी त्यांना तुझ्यासारखंच शिकवलं. व्याख्या नाही, बोटं मोजणं नाही ("मोजायला ती काय बटणं आहेत?" असं तू म्हणायचीस), नुसतं गायचं.

काल रविवारी पालकांसमोर रंगीत तालीम झाली, आणि पहिल्यांदाच तबलजी बोलावले होते. "आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम," अशी समेची व्याख्या सरांच्या मुलांनी एका सुरात म्हटली. तो त्यांचा दिवसातला शेवटचा एक सूर. मग गाणं सुरू झालं आणि समेवर कुणीच आलं नाही. मी मनातल्या मनात इतकी हसले की माझीच मला लाज वाटली. नंतर माझे बाराजण उठले. पहिल्या आवर्तनाला ते तबल्यापेक्षा एक मात्रा उशिरा पोचले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मी तबलजींकडे डोळे वटारून पाहिलं (त्याची माफी वेगळी मागायची आहे). सोळाव्या आवर्तनाला गाणं संपलं आणि काय सांगू, बरोब्बर तबल्याच्या समेवर! टाळ्यांनी खिडक्या हलल्या. सर डोळे पुसत उठले. आयुष्यात एक सम त्यांनी ओळखली, तीही नेमकी ही. या प्रकाराला त्यांनी 'दूरसम-मीलन' असं नाव दिलं, आज सकाळी त्याचा तक्ताही लागला, तीन उपप्रकार आणि सहीसकट. मला सगळ्यांदेखत कायम केलं आणि शनिवारी परीक्षकांपुढे हेच गायचं ठरलं.

तबल्यांवर खोळी चढवताना तबलजींनी मात्र हळूच विचारलं, "ताई, ही पोरं समेच्या आधी काय चावतात हो?"

घरी येऊन मी जन्मात पहिल्यांदा बोटांवर मोजलं. सोळा मात्रांच्या जागी सतरा. दर आवर्तनाला एक मात्रा मागे पडत सोळा आवर्तनांत अख्खं एक आवर्तन मागे, म्हणून ती सम गाठली.

तुझी भाची

ता. क. तुझ्यावर आळ नाही, आत्या. पण तू शिवता शिवता शिकवायचीस, एका ओळीला एक शिवण. ओळ संपली की मान झटकून दाताने दोरा तोडायचीस आणि मगच पुढची ओळ धरायचीस. ती सतरावी मात्रा म्हणजे तुझा दोरा, असं मला वाटतंय. माझी बाराही मुलं हवेत तो दोरा तोडतात. तेव्हा एक कर. मशीन बंद ठेव, दोरा कात्रीने काप, आपलं गाणं एकदा म्हण आणि किती मात्रा भरल्या ते कळव.

आणखी एक. सरांच्या 'ताल' तक्त्यावर "मात्रा सोळा" असं ठळक लिहिलेलं आहे. तीन महिने मी त्याच्यासमोर बसतेय. त्यांचं म्हणून वाचलं नाही. (हे कुणाला दाखवू नकोस.)

शेवटचं. नोकरी कायम झाल्याचं बाबांना सांगू नकोस. आज मुलांना न चावता गायला सांगितलं तर बाराजण बारा ठिकाणी पोचले. अजून दोन दिवस प्रयत्न करते. तुझं उत्तर येवो न येवो, परीक्षकांच्या आधी, गुरुवारी तेवीस तारखेला सकाळी दहा वाजता, त्या नव्या तक्त्याखाली उभी राहून मी सरांना सगळं सांगणार आहे.