ग्लेनिसचं छप्पर आणि विम्याचा माणूस

किंगरॉय, १४ डिसेंबर

प्रिय मर्विन,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? तिकडे हर्व्ही बेच्या समुद्रात मासे गळाला लागताहेत का? मी ठीक आहे. ऑगस्टमध्ये ग्लेनिसला, तुमच्या बहिणीला, शेवटचा निरोप दिला तेव्हापासून शेजारी मला लझान्या आणून देताहेत. (फ्रीजरमध्ये आठ आहेत. ग्लेनिसला आवडत नसे. मलाही नाही.)

नोव्हेंबरातल्या गारपिटीनं घराच्या पत्र्याला सात भोकं पडली आणि बैठकीचं सीलिंग सोफ्यावर आलं. मी विम्याचं पुस्तक काढून दोनदा वाचलं. वादळानं पाडलेल्या भोकातून पाणी आलं तर भरपाई मिळते, गंजानं पडलेल्या भोकातून आलं तर मिळत नाही. (म्हणजे आत शिरताना आपण कुठून आलो ते पाण्यानं सांगायला हवं.) मग कंपनीनं पाहणीला डेक्लन नावाचा माणूस पाठवला. तो शिडी चढला, मी शिडी धरली. तीस वर्षांची सवय आहे, आपसूक धरली जाते. वरून तो ओरडला, "नोएल, रंगकाम झकास आहे हो!" मला बरं वाटलं. खाली उतरून त्यानं लिहिलं, 'जुना गंज.'

"अहो, आत्ताच तर झकास म्हणालात!"

"रंग झकासच आहे. रंगाखाली काय होतं ते कुणी पाहिलंय?"

"ज्यानं रंगवलं त्यानं."

"म्हणजे तुम्हीच ना? तुमच्या शब्दावर कंपनी छप्पर देईल होय? रंगाआधीचा फोटो असला तर बोला."

तेव्हापासून कंपनीला रोज फोन करतो आहे. वाट पाहायला लावताना ते बासरी वाजवतात. रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून गारा. भरपाई नाही मिळाली तर छप्पर माझ्या आवाक्यातलं नाही, आणि रोझलिन एकच धोशा लावून बसली आहे, "बाबा, विका ते घर आणि ब्रिस्बेनला या." तिचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे. डोक्यावर छप्परसुद्धा नाही, तेराव्या मजल्याची फरशी. ग्लेनिसनं लावलेली लिंबं इथे आहेत, मी तिथे काय करू?

बाकी ठीक. गुडघ्याला जपा.

तुमचा,
नोएल

ता. क. ईस्टरला ग्लेनिस रंग देण्याआधी छपरावर बसून पत्रा खरवडत होती तेव्हा तुम्ही तुमच्या जुन्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढला होता. अर्धा पत्रा उघडा, लख्ख, आणि कोपऱ्यात तारीख. तिच्या अंत्यविधीला प्रार्थनेच्या कागदावर छापला तो तोच. (चर्चमध्ये बाई छपरावर बरी दिसत नाही म्हणून मीच रोझलिनला फोटोतलं छप्पर कापायला लावलं. आता घरात त्या कागदांवर तिचे चेहरे दोनशे आहेत, छप्पर एकही नाही.) मूळ फोटो तुमच्याकडे आहे. तो हवा आहे. पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. डेक्लन म्हणतो, फक्त पत्र्याचा भाग पाठवा, माणसं नकोत. तुम्ही काहीही कापू नका. रंग मीच दिला असं मी त्याला सांगितलं आहे. बायको वर आणि आपण खाली, हे परक्याला सांगायची लाज वाटली. त्या फोटोत मी खाली शिडी धरून डोळे मिटून उभा आहे. तेही जाऊ दे कंपनीकडे. झकास कुणाला म्हणाला, ते डेक्लनला कळू दे.