क्लेगबाईंची फुलं

बर्नली,
९ मार्च २००३

प्रिय हिल्डा,

तुझं जानेवारीतलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. न्यूझीलंडात तुमचा उन्हाळा आता सरत आला असेल. इथे अजून हीटर बंद करायची सोय नाही. आईची तब्येत ठीक आहे. एक्याऐंशी झाली तरी जिभेची धार तशीच. परवा नव्या डॉक्टरला म्हणाली, "शाळा सुटली की इकडे येतोस वाटतं?" तो बिचारा लाल झाला. माझे गुडघे दुखतात. मांजर बरं आहे.

हे सगळं मी उगाच लिहितेय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

तू वंशवृक्षासाठी आपल्या जुळ्या भावंडांची नोंद मागवलीस. मृत जन्मलेल्या बाळांचं रजिस्टर वाटेल त्याला बघता येत नाही, आणि आई हयात आहे तोवर अर्जावर सही तिचीच लागते. तिने ती ठसठशीत केली. दाखला आला: १९ ऑक्टोबर १९५१, एक मुलगी, एक मुलगा. नावं नाहीत. आईने दाखला दोनदा वाचला आणि म्हणाली, "रूथ आणि पीटर. कुणी विचारलंच नाही कधी."

पुरलं कुठे, ते दाखल्यावर नसतं. तू तर 'श्रीमती आडा क्लेग यांच्या कबरीत' असं लिहून मोकळी झालीस आणि मला फक्त खात्री करायला सांगितलंस. म्हणून मंगळवारी दफनभूमीच्या कचेरीत गेले. तिथल्या मुलीने जुनं रजिस्टर काढलं, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सापडलं बघा. एंटविसल, मृतजात, दोन. पण क्लेग नाही हो बाई. टॅटरसॉल."

ऑल्बर्ट टॅटरसॉल, वय एकसष्ट, अविवाहित. तेव्हा अशी बाळं त्या आठवड्यात गेलेल्या कुणाच्याही सोबत ठेवायचे. वरच्या अंगाला, कुंपणाजवळ. दगड नाही, नुसतं गवत.

"तुम्हाला क्लेग कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"घरात सगळे तसंच म्हणतात," मी म्हटलं.

हिल्डा, सगळे म्हणतात, कारण मी सांगितलं.

तू तेव्हा ब्लॅकपूलला मावशीकडे होतीस. मी सात वर्षांची. आई दवाखान्यातून रिकामी परत आली होती आणि वरच्या खोलीत पडून एकच विचारायची, "कुठे ठेवलं त्यांना?" बाबांना दवाखान्याने सांगितलं होतं की विचारू नका, विसरा. ते खाली बसून बूट घासायचे. घासलेलेच बूट पुन्हा घासायचे. सुईण म्हणाली, "एका चांगल्या बाईपाशी ठेवलंय, जिवाला लावून घेऊ नकोस." "कुठल्या बाईपाशी?" ते कुणालाच माहीत नव्हतं. आईने चार दिवस अन्न घेतलं नव्हतं. रविवारच्या शाळेत आम्हाला टॉफी देणाऱ्या क्लेगबाई त्याच आठवड्यात गेल्या होत्या. मी वर गेले आणि म्हणाले, "क्लेगबाईंपाशी. सुईणीने मला जिन्यात सांगितलं."

आई उठून बसली. तिने सूप मागितलं. पुरा वाडगा प्यायली.

त्यानंतर मी ते परत कसं घेणार होते? एक्कावन्न वर्षं ती त्या कबरीवर फुलं घालतेय. गेली वीस वर्षं गाडी मीच चालवते, फुलं मीच निवडते, वर तिच्याशी हुज्जतही घालते की पिवळी नको, पांढरी घे. कचेरीत जाताना मी प्रार्थना करत होते, काय बोलू, की माझं खोटं खरं निघू दे.

आता क्लेगबाईंच्या नातीने परवानगी दिलीय. येत्या २७ तारखेला, गुरुवारी, कारागीर येऊन त्यांच्या दगडावर रूथ आणि पीटर कोरणार आहे. आईने त्या दिवसासाठी कोट धुवायला टाकलाय. सांगू की गप्प बसू? गप्प बसले तर खोटं दगडावर जाईल. सांगितलं आणि तिने पुन्हा अन्न सोडलं तर? लवकर लिही.

तुझी,
मेव्हिस

बर्नली,
२५ मार्च २००३

प्रिय हिल्डा,

तुझ्या उत्तरासाठी थांबले नाही. शनिवारी दफनभूमीच्या फाटकाशी गाडी उभी केली आणि सगळं सांगून टाकलं. आईने गाडीचा पट्टा पुन्हा लावला. मग म्हणाली, "घरी चल."

दोन दिवस ती खोलीबाहेर आली नाही. मी चहा नेऊन ठेवायची आणि गार झालेला परत आणायची. काल सकाळी ती स्वयंपाकघरात आली, काठी टेबलाला टेकवली आणि म्हणाली, "सातव्या वर्षाचं मी समजू शकते. पण मोठी झाल्यावर, सत्तेचाळिसाव्या वर्षीसुद्धा, काय झालं होतं तुला?"

मी रडले. तिने रडू दिलं, आणि मग म्हणाली, "कोट आण."

दफनभूमीच्या वरच्या अंगाला चढायला आम्हाला अर्धा तास लागला. कचेरीतल्या त्या मुलीने खुंटी ठोकून जागा दाखवली. आईने काठीच्या टोकाने गवत बाजूला सारलं. "एकटा जीव होता ना गं हा?" तिने विचारलं. "लग्न न करता दोन लेकरं पदरात पडली बिचाऱ्याच्या. आवाज तरी नाही केला त्यांनी." मग तिला हुंदका आला. मी आईला रडताना पहिल्यांदाच पाहिलं, हिल्डा.

तिने निम्मी डॅफोडिल तिथे ठेवली, निम्मी माझ्या हातात दिली. "ही क्लेगबाईंना. एवढ्या वर्षांचा घरोबा, न सांगता कसा तोडायचा?"

गुरुवारी कारागीर येईल, पण वरच्या अंगाला. छोटा दगड, तिघांचीही नावं. तू तेवढं वंशवृक्षात खोडून नीट लिही. चूक कुणाची म्हणून लिहू, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही, घरातली मोठी माणसं उत्तर देत नव्हती, म्हणून एका लहानीने दिलं."

मला माफ केलं, असं ती अजून म्हणालेली नाही. काल संध्याकाळी मी सूप नेलं. तिने चमचा उचलला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "टोमॅटोचंच आहे ना? का तू म्हणतेस म्हणून?"

पुरा वाडगा प्यायली.

तुझी धाकटी, आता काही लपवायचं न उरलेली,
मेव्हिस